पिस्टन काढल्यावर ऐकू आलेले ठोके

मी भूतखेत मानत नाही. आमच्या घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा लहान पोरांनाही पाठ आहेत, त्यात मी पूर्णेच्या शाळेत विज्ञान शिकवतो... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते घडलं.

उजव्या कानातलं एक बारीक हाड घट्ट बसून माझं ऐकणं गेलं. डावा जेमतेम. हा वारसा आईकडचा — ती तर कित्येक वर्षं ठार बहिरी, ओठ बघून समजून घेते. मागे ऑपरेशन करून त्या हाडाच्या जागी इवलासा कृत्रिम पिस्टन बसवला होता. तो सरकला आणि वर्गात पोरं काय विचारतात ते पुन्हा कळेना.

परभणीचे डॉक्टर म्हणाले, "सर, आतले चिकटलेले पापुद्रे लेझरनं काढू, ओढाताण होणार नाही. पण दुसऱ्या खेपेला जोखीम असते. कान कायमचा जाऊ शकतो." माझी पाचावर धारण बसली. बहिरा मास्तर कोण ठेवून घेणार?

शेवटी ऑपरेशनला तयार झालो. सोबत मेव्हणा आला, बायको सुषमा आईजवळ घरी थांबली.

भूल फक्त कानापुरती, मी टक्क जागा. मध्येच उजव्या कानात स्वच्छ आवाज आला... ठण्. मग ठण्-ठण्.

हे ठोके मी ओळखले. माझे बाबा रेल्वेत कीमॅन होते, हातोडा घेऊन रोज रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचे. ड्यूटी संपली की क्वार्टरजवळच्या रुळावर असेच ठोके द्यायचे, आणि ते ऐकून आई चहा ठेवायची; तेव्हा तिला ऐकू यायचं. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"डॉक्टर, ऐकू यायलंय!" मी म्हणालो.

"कसं येईल? जुना पिस्टन काढलाय, नवा अजून माझ्या हातात आहे."

हाडातून आवाज जातो, हे मीच पोरांना शिकवतो. एखादं यंत्र वाजलं असेल, असं मनाशी म्हणालो. नवा पिस्टन बसला, नर्सचं कुजबुजणंही ऐकू आलं आणि मी चक्क रडलो.

घरी आल्यावर सुषमा माझ्या आईबद्दल म्हणाली, "अवो, तुमी तिकडं टेबलावर होतात ना, तवा आत्याबाई एकदम उठल्या न् चहाच ठेवला. दोन कप काढले. म्हणल्या, ह्यांची ड्यूटी सुटली, ठोके वाजले की!"

मी तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

आईसमोर बसून मी सावकाश म्हणालो, "आई, तुझ्याबी कानाचं करून घेऊ."

"कशाला? मला ज्याचं ऐकायचं त्याचं ऐकू येतंय," ती म्हणाली. "तुजं झालं ना नीट? बास."

कारण मला आजही सापडलेलं नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकावरची कुजबुज आता मला कळते. पण सुट्टीच्या दिवशी दुपारी कधीतरी स्वयंपाकघरात भांडं वाजतं. जाऊन बघतो तर आईनं दोन कप काढलेले असतात... आणि मला एकही ठोका ऐकू आलेला नसतो.