सईच्या आधी मी दिलेली कल चाचणी

आमच्या घरात कुठलीही वस्तू मुलीच्या हाती जाण्याआधी मी ती वापरून बघतो. खोकल्याचं औषध, बागेतला झोपाळा, सायकल (त्या दिवशी मला सोसायटीच्या गार्डने उचलून वर आणलं होतं), सगळं. त्यामुळे दहावीनंतर राजधानीच्या द्वारका उपनगरातल्या सईच्या शाळेने मोबाइलवर कल चाचणी पाठवली, तेव्हा ती आधी मीच सोडवली.

सईला अकरावीत इतिहास घ्यायचा होता. मला तिला कॉमर्सला घालायचं होतं. मी सरकारी हिशेब खात्यात उभी हयात काढली आहे; घराण्याची परंपरा नावाची काही गोष्ट असते की नाही?

चाचणी मोठी झकास होती. आकड्यांचे तक्ते तपासायला आवडेल? मुळीच नाही. रोपं लावायला? फारच! आसपास साहेब नसल्यामुळे मी खरी उत्तरं देत सुटलो आणि त्या भरात शेवटचं बटणही दाबलं.

"बाबा, सबमिट केलंत?" सई म्हणाली. "यार, ती एकदाच देता येते."

"ट्रायल घेतली गं."

"माझ्या नावावर?"

"शाळेला सांगून टाका," बायको म्हणाली.

"कशाला? रक्त एकच आहे. कॉमर्सच येणार, बघ." (दिलेली उत्तरं मी तोवर विसरलो होतो. खात्याची सवय.)

सईचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण परंपरेपुढे इलाज नव्हता.

शनिवारी शाळेतल्या समुपदेशक बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. निकाल वाचून त्या गंभीर झाल्या.

"देखिए, बच्ची का मन हिसाब-किताब में बिल्कुल नहीं है. कॉमर्स दिलाया, तो ज़िंदगी भर बस घड़ी देखती रहेगी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. सईने टेबलाखाली तोंड लपवलं.

"कॉमर्स छोड़कर जो चाहे, लेने दीजिए."

"हिस्ट्री, मॅम," सई टेबलाखालूनच म्हणाली. तिचं काम झालं.

मी घसा साफ केला. "और मान लीजिए, कोई पहले ही कॉमर्स ले चुका हो, तो?"

"घबराइए मत," बाई प्रेमाने म्हणाल्या. "अभी उम्र ही क्या है."

सोमवारी ऑफिसात खुर्चीवर टेकलो आणि रोजच्यासारखी नजर भिंतीवर गेली. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.