अंधारातला सिनेमा

१९४८चा उन्हाळा. आबिड्सचं थिएटर, बायकांची बाजू. हजर: मी, नणंद कुसुम आणि शेजारच्या खुर्चीत बुरख्यातल्या एक अनोळखी आजी. पुण्याहून आलेल्या मला हैदराबाद तेव्हा परदेशच होतं, आणि तिथली वीज रोज जायची. पडद्यावर नायिकेने अंथरूण धरलं आणि वीज गेली.

"उद्या मला सासरी जायचंय, शेवट कधी कळणार?" कुसुम रडकुंडीला आली.

"बत्ती गई तो गई, कहानी कां गई?" म्हणत आजींनी पानाचा डबा मिटला आणि बांगड्या वाजवत पुढची गोष्ट रंगवून सांगितली. नायिका ठणठणीत बरी झाली.

"अम्मा, परसों तो मर गई बोले थे!" मागून एकीने टोकलं.

"चुप रओ! बच्ची कल ससुराल जा रई."

कुसुम हसत सासरी गेली. आता वीज क्वचितच जाते, पण त्या सिनेमाचा खरा शेवट पाहायचं काम मी अजून हातावेगळं केलेलं नाही.