मोठ्या जवायाचे हात

सासुरवाडीत मान मिळावा म्हणून माणसं रुसतात, फुगतात, ताटावरून उठतात. माणिकला तो न मागता मिळाला होता आणि त्या मानाचाच त्याला वीट आला होता. वर्ध्याच्या एका पतसंस्थेत कारकून असलेला हा माणूस रविवारी सिंदी मेघेच्या घरी अंगणात मोटरसायकल उघडून बसला की बायकोला, रूपालीला, चहा तिथंच नेऊन द्यावा लागे. तेल बदलणं, चेन ताणणं, ब्रेकचे पॅड घालणं, सगळं घरच्या घरी. पण रोहण्याला सासऱ्यांच्या दारात पाऊल टाकलं की त्याच माणसाचा मखरातला गणपती व्हायचा. घरचा पहिला जवाई ना! पाण्याचा तांब्या उचलायला गेला तरी सासूबाई, आनंदाबाई, तो हातातून काढून घेत. लग्नानंतरच्या पहिल्या मुक्कामात त्यानं बंद पडलेला कूलर उघडायला घेतला, तर सासऱ्यांनी, चंद्रभाननी, त्याच्या हातून पेचकस काढून घेतला होता. जवायाला कामाला लावलं म्हणून गाव हसेल, असं त्यांचं म्हणणं. माणिक तेव्हा खाटेवर जो बसला, तो बसलाच.

मग धाकट्या मेहुणीचं, अपेक्षाचं लग्न झालं आणि निकेश आला. आर्वीचा पोरगा. त्याला खाटेवर बसवायचं कोणाला सुचलंच नाही, आणि सुचेपर्यंत त्यानं गोठ्याचं फाटक दुरुस्त करून टाकलं होतं. मोठ्याला 'माणिकराव' आणि धाकट्याला 'ए निकेश'. वर्षभरात पोराला धान्याची कोठी, विहिरीच्या मोटरचा खटका आणि सासऱ्यांच्या तंबाखूची डबी, तिन्ही ठाऊक झाली. माणिकला अजून त्या घरातला चमचा कुठं असतो ते माहीत नव्हतं. हे त्याच्या पोटात दुखायचं. चांगलंच दुखायचं.

यंदा अधिक महिना आला, तसं दोघा जवायांना धोंडे खायला बोलावणं गेलं. ओवाळणं झालं, अनारसे झाले, जेवणं झाली. माणिक कडुनिंबाखाली खाटेवर, कपाळाला कुंकू आणि मांडीवर नवा टॉवेल घेऊन बसला. निकेशनं आपला नवा टॉवेल खुशाल खुंटीला अडकवला आणि तो सासऱ्यांच्या मोटरसायकलीपुढे उकिडवा बसला. पुढचा ब्रेक चिरकत होता. पॅड झिजले होते आणि नवे त्यानं येताना आर्वीहून आणले होते.

माणिकचे हात शिवशिवत होते. "मी धरू का चाक?" त्यानं एकदा विचारलंसुद्धा. "तुमी बसा, माणिकराव, कपडे खराब होतीन," असं म्हणून चंद्रभान स्वतः निकेशशेजारी बसले. सासरा पाना देतोय, जवाई घेतोय, मधेच दोघं कशावर तरी हसताहेत. माणिक टक लावून चूक शोधत होता आणि चूक सापडत नव्हती. पोरानं डिस्क पुसली, जुने पॅड काढले, पिस्टन हळूच मागे ढकलला, नवे पॅड बसवून बोल्ट आवळले. काम साफ होतं, आणि त्यामुळे तर माणिकचा आणखीच जळफळाट झाला.

इतक्यात अपेक्षानं चुलीवरचा हंडा उतरवायला हाक मारली आणि निकेश तसाच आत गेला. माणिक ताठ बसला. पिस्टन मागे ढकलला की हँडलवरची ब्रेकची दांडी घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबून घ्यावी लागते. नाही तर पहिल्यांदा दाबल्यावर ती नुसती आत जाते आणि गाडी थांबत नाही. हे विसरून माणिक स्वतः एकदा शेजाऱ्याच्या कंपाऊंडवर आदळला होता. निकेशनं ती दाबली नव्हती.

आणि मघाशीच हात धुवायला आत गेलेले चंद्रभान किल्ली घेऊन बाहेर आले. आनंदाबाईंना देवळात दिवा द्यायला जायचं होतं. घरापासून देवळापर्यंत सगळा उतार.

माणिकला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, झाला. जाऊ दे, म्हणालं त्याचं मन. मागचा ब्रेक आहेच, कोणी मरत नाही. फार तर ओट्याला धडकतील, गुडघा खरचटेल, आणि मग कळेल घरातलं पोर कसं काम करतं ते. त्यानं टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली. आनंदाबाई अनारशांचं ताट एका हातात सांभाळत मागं एका अंगाला बसल्या. दुसरा हात त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर नुसता टेकवला होता. चंद्रभाननी गाडी सुरू केली.

"मामाजी, थांबा."

माणिक अनवाणीच धावला आणि त्यानं हँडल धरलं. ब्रेकची दांडी दाबली तर ती थेट मुठीला टेकली. तो दाबत राहिला, दाबत राहिला, आणि अखेर दांडी हाताला घट्ट लागली.

"काऊन, का झालं?" चंद्रभाननी विचारलं. "काही नाही," माणिक म्हणाला. निकेशनं सगळं पाहून घेतलंय, तुम्ही सावलीत बसा, असं सांगून ते उतारानं निघून गेले.

परतले ते खुशीत. उतारावर एक वासरू आडवं आलं होतं, आणि ब्रेक दाबताच गाडी जागच्या जागी उभी राहिली. "मानलं बा निकेश तुले," ते म्हणाले. निकेश हसला, एवढं काही नाही म्हणाला. माणिकच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण आता सांगितलं असतं तर आपलं पोट दुखतंय हेच दिसलं असतं, म्हणून तो गप्प राहिला. आणि गप्प राहिल्याबद्दलही त्याला निकेशचाच राग आला.

तेवढ्यात आनंदाबाईंचं लक्ष त्याच्या तळव्याकडे गेलं. काम करताना निकेशच्या हातांचं काळं ऑईल हँडलला लागलं होतं, ते सगळं माणिकच्या हाताला आलं होतं. त्या लगबगीनं आत गेल्या. येताना त्यांनी जुन्या लुगड्याची एक चिंधी निकेशच्या अंगावर भिरकावली, त्याच्याकडे न बघताच. निकेशनं ती वरच्यावर झेलली आणि हात पुसू लागला. माणिकसमोर मात्र पाण्याचा तांब्या, नवा साबण आणि धुतलेला रुमाल आला.

"मामी," माणिक म्हणाला, "मलेबी ते चिंधीच द्या."

आनंदाबाई थांबल्या, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"पाहा बाई, माणिकरावबी मस्करी करून राह्यले," त्या म्हणाल्या आणि साबणाचा कागद सोलू लागल्या.