उपडा तांब्या फिरला तेव्हा

भूत, करणी, अंगात येणं... यातलं मी कधी काही मानलं नाही. बेंबी बसवायचो, पण ती हाताची कला समजून. मंत्र नाही, अंगारा नाही. पोटावर पेटती पणती ठेवायची, वर तांब्या उपडा घालायचा. वात विझली की तांब्या पोटाला चिकटतो, सरकलेली बेंबी जागेवर येते — असं आम्ही धरून चालायचो. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. आजूबाजूच्या पाड्यांवरूनही लोक पोरं घेऊन यायचे.

भातझोडणी चालू होती. भर दुपारी पुतण्याची बायको सुनीता आठ महिन्यांच्या लेकीला, परीला घेऊन खळ्यावरच आली.

"आप्पा, सकाळपासून वरडते ही. आता उलटी झाली ती हिरवीगार. गाडी बोलवू का?"

"भाजी तूच चारलीस ना गो," तिची सासू म्हणाली. "मग हिरवी नाय तं काय गुलाबी होनार?"

बाया हसल्या. मीही हसलो. "गाडी कशाला? बेंबी सरकलेय. आता बसवतो."

सुनीता पाणी आणायला गेली, बाया परत झोडणीला लागल्या. मी परीला आडवी करून पोटावर पणती ठेवली, वर तांब्या घातला. तांब्या चिकटला आणि... फिरायला लागला. माझा हात लागलेला नव्हता, परी निपचित पडलेली. हळूहळू, घड्याळाच्या उलट्या दिशेने. मी घाबरलो. दोन्ही हातांनी दाबून धरला. आतून ओढ लागत होती — ती थांबेपर्यंत सोडला नाही.

सुनीता आल्यावर म्हणालो, "बसली."

संध्याकाळी पोट फुगलं. मुरबाडहून कल्याणला पाठवलं. ऑपरेशन झालं, पण आतडं काळं पडलं होतं. परी गेली.

डॉक्टरांनी मला हाताने दाखवलं. तिचं आतडं जन्मापासूनच नीट बसलेलं नव्हतं, क्वचित एखाद्या मुलात असतं तसं. ते घड्याळाच्या दिशेने पिळलं गेलं. "आम्ही उलटं फिरवून पीळ सोडवला, पण उशीर झाला. हिरवी उलटी झाली तेव्हाच आणायला हवं होतं."

घरी मी यातलं काहीच बोललो नाही. सासू सुनीताला "पोर खाल्लीस" म्हणत राहिली, मी ऐकत राहिलो. भाजीचा काही संबंध नव्हता. सुनीता गाडीच मागत होती. नको मी म्हणालो.

गेल्या आठवड्यात सासूदेखत सुनीताला सगळं सांगितलं, तांब्यासकट. सासू उठून आत गेली. सुनीता तांदूळ पाखडत होती, ती थांबली.

"मंग तांब्या सोडला असता तं, आप्पा?"

तांब्याने पीळ सुटत नाही, हे मला कळतं. मग तो पीळ सोडवायच्याच दिशेने का फिरला, ते मात्र आजही कळत नाही. ती सूप तसंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.