त्या आवाजाची भाषा

मी सैन्यातल्या सिग्नल्सचा हवालदार. घर ग्वाल्हेरला, खासगी बाजार नावाच्या भागात. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर आमची तुकडी आफ्रिकेत होती. गस्तीच्या गाड्यांशी वायरलेसवर संपर्क ठेवणं, हे माझं रोजचं काम.

एका दुपारी नायक दीपक शिंदेच्या गाडीवर हल्ला झाला. दीपक आमच्या ग्वाल्हेरचाच, हजीरा भागातला. मी सेटवर त्याला बोलावत राहिलो. उत्तर दिलं दुसऱ्याच माणसाने, स्वाहिली भाषेत. एक वाक्य, मग हसणं. "न्जोऊनी म्मचुकुए." आम्ही पोहोचलो तेव्हा दीपकचा जीव गेला होता.

दुभाष्याला मी अर्थ विचारला नाही. तो मला स्वतःच कळायला हवा होता.

ग्वाल्हेरला परतल्यावर गोरखी वाड्याजवळ भाड्याने राहणाऱ्या नीमाकडे स्वाहिलीची शिकवणी लावली. ती टांझानियाची, इथे कॉलेजात शिकत होती. आपलं क्रियापद शेवटी बदलतं, त्यांचं सुरुवातीला. आज आलेलं उद्या जायचं. 'बाराबारा' म्हणजे रस्ता, पण मला कायम 'बरोबर'च ऐकू यायचं. दोनदा सोडलं, पुन्हा गेलो. घरात पुटपुटत बसायचो. बायको म्हणाली, "अहो, मुलांशी तरी मराठीत बोला. नहीं तो ये हिंदी में ही रह जाएँगे."

एका संध्याकाळी नीमाने 'त्याला' हा शब्द क्रियापदाच्या पोटात कसा बसतो ते शिकवलं. ते वाक्य आपोआप उलगडलं. या, घेऊन जा त्याला.

मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी नीमाला म्हटलं, आता मला उलटतपासणीचे शब्द शिकव.

पुन्हा त्याच मोहिमेवर जायला मी स्वतःहून नाव दिलं. तिथे टोळ्या हत्यारं खाली ठेवत होत्या. फाटक्या शर्टातला एक जण सांगत होता, मी शेतकरी, टोळीशी माझा संबंध नाही. मग त्याने मागच्यांना हाक मारली, "न्जोऊनी."

तोच आवाज. माझी रायफल वर गेली.

मेजरसाहेब म्हणाले, "हवालदार, बॅरल नीचे."

केली. पण ते अख्खं वाक्य मी त्याला त्याच्याच भाषेत ऐकवलं. त्याचा चेहरा उतरला. ही भाषा तुला कोणी शिकवली, त्याने विचारलं.

"वेवे," मी म्हणालो. तू.

मिलिटरी पोलीस त्याला घेऊन गेले.

रजेवर आल्यावर हजीऱ्याला दीपकच्या आईकडे गेलो. सगळं सांगितलं.

"तो माणूस जिवंत आहे?" तिने विचारलं.

"हो, काकू. तुरुंगात."

"मग माझं अजून झालं नाही."

माझंही झालेलं नाही.

दीपक वायरलेसवर बोलताना शेवटी 'ओव्हर', म्हणजे माझं झालं, आता तू बोल, असं म्हणायला हमखास विसरायचा. त्यावरून मी त्याला फार रागवायचो.