मास्तरीणबाईंचं निळं जाकीट

शिंप्याला मास्तर म्हणतात, मग शिवणाऱ्या बाईला मास्तरीण का नको, असं कुणीतरी तीस वर्षांपूर्वी थट्टेनं म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. खरं नाव उरलं ते विजेच्या बिलावर. मास्तरीणबाईंचं दुकान जिन्याखाली. त्यात एक मशीन, एक इस्त्री आणि टेबल इतकं आखूड की साध्या पँटचं कापडसुद्धा दुमडून दुमडून कापावं लागे. नव्या गिऱ्हाइकाला त्या आधी "डोकं सांभाळा" म्हणत आणि मग "या" म्हणत. स्वतःचं डोकं त्यांनी पहिल्या वर्षभरात आपटून घेतलं होतं, नंतर वाकून वावरायची सवयच झाली.

बाईंचा हात चांगला होताच, पण त्या गाजल्या हट्टामुळे. कुणी नवं कापड घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "घरी कपाटात काय काय आहे?" उत्तर गोलमाल आलं की रविवारी दुपारी बाई त्या घरी हजर. सगळे कपडे पलंगावर काढायला लावायच्या आणि निवाडा करायच्या. "नव्या कपड्याचं जुन्या तिघांशी जमलं पाहिजे. ज्याची तिघांशी सोयरीक जुळत नाही त्याला घरात घ्यायचं नाही, मग तो कितीही देखणा असो!" एका नर्सला त्यांनी नऊ कपड्यांत तीन वर्षं निभावून नेलं होतं. करड्या स्कर्टवर पांढरा शर्ट घातला की कामाला, रेशमी ब्लाउज घातला की मैत्रिणीच्या लग्नाला, आणि वर काळं जाकीट चढवलं की मुलाच्या शाळेच्या सभेला. गिऱ्हाइकाला कमी कपडे शिवा म्हणून सांगणारी ही बाई उपाशी मरणार, असं बाजारातले मास्तर म्हणायचे. बाई काही मेल्या नाहीत. उलट त्या मास्तरांच्या बायकाच मागच्या दारानं येऊन जायच्या.

दुसरा हट्ट मायेचा. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. इतर जण अर्धं बोट सोडत, बाई चांगली दोन बोटं. "तुम्ही एका कपड्यात दुसरा लपवता," असं कुणी हिणवलं की त्या म्हणत, "माणूस काय लाकडाचा आहे? आज आहे तेवढाच उद्या राहील कशावरून?"

तर अशा या बाईंना छप्पन्नाव्या वर्षी मुलाखतीचं पत्र आलं. मुलींच्या शिवणशाळेत शिकवणारी बाई हवी होती आणि त्या नर्सनंच त्यांचं नाव सुचवलं होतं. मुलाखत गुरुवारी अकरा वाजता. बाईंना ही नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. दोन वर्षांपूर्वी पडद्यांच्या कामासाठी त्या शाळेत गेल्या होत्या, तेव्हा तिथलं कापायचं टेबल त्यांनी पाहिलं होतं. बारा फूट लांब आणि बरोबर कंबरेइतकं उंच. त्यावरून एकदा हात फिरवून त्या घरी आल्या आणि दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

"आई, मुलाखतीला घालणार काय?" सुनेनं विचारलं. ही सून बँकेत नोकरीला. आठवड्याला दोन पार्सलं मागवायची आणि त्यातलं एक परत पाठवायची, त्यावरून सासूची बोलणी खायची. आज तिनं सासूचं कपाट उघडलं. डावीकडे चार ढगळ झगे, सगळे खडू न् दोरे लपवणाऱ्या रंगांचे. उजवीकडे लग्नाकार्याचे तीन, त्यातला एक तर गल्लीच्या टोकावरून दिसेल असा चमकणारा. मधे काहीच नाही.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान..." सून बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"थांबलीस का? आपण कोरडे पाषाण. खरं आहे ते," बाई म्हणाल्या. पण कान मात्र लाल झाले.

मग चहा घेता घेता दोघींनी कागदावर सात कपडे मांडले. दोन पँट, एक स्कर्ट, तीन शर्ट आणि सगळ्यांशी जमणारं एक गडद निळं जाकीट. गुरुवारी मुलाखतीला, रविवारी बाईंच्या नणंदेच्या मुलीच्या लग्नाला त्या चमकत्या झग्यावर त्याची चमक दाबायला, आणि देव पावला तर रोज वर्गावर. बाकीचे कपडे हळूहळू झाले असते, जाकीट मात्र गुरुवारच्या आत हवं होतं. त्यासाठी नऊ वर्षं जपून ठेवलेला निळा तुकडा बाहेर आला. त्यात एक जाकीट बसत होतं, दुसऱ्याची बाही निघाली नसती.

आणि इथे बाई चुकल्या. दुसऱ्याच्या अंगाला फीत लावल्याशिवाय कात्री न उचलणारी बाई, पण स्वतःच्या बाबतीत म्हणाली, "माप वहीत आहे की!" होतं खरं. वहीच्या पहिल्याच पानावर, छाती चौतीस. शिवण शिकवणाऱ्या उस्तादांनी तीस वर्षांपूर्वी घेतलेलं. एवढी वर्षं ढगळ झगे घातले, ते कशाला चुगली करतील? मंगळवारी दुपारी जाकीट शिवून झालं, बाईंनी अंगात घातलं, आणि पुढच्या दोन कडा एकमेकींकडे बघत चार बोटं लांब उभ्या राहिल्या.

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा बाई खुर्चीत बसून होत्या. जाकीट मांडीवर.

"परवा मी जात नाही. ज्या बाईला स्वतःचं माप माहीत नाही ती पोरींना काय शिकवणार?"

सुनेनं पर्स ठेवली आणि भिंतीवरची फीत काढली. "उभ्या राहा."

"मी घेते माझं."

"नाही घेता येत. हात वर केला की खांदा उचलतो. तुम्हीच मला सांगितलंय. हात खाली सोडा, आई."

तीस वर्षांत बाईंच्या अंगाला दुसऱ्या कुणाची फीत लागली नव्हती. त्या शाळकरी मुलीसारख्या ताठ उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून घेतले. "किती?" "अडतीस." "खोटं!" "बरं, सदतीस म्हणू. मग जाकीटही सदतीसचं शिवायचं का?" बाईंना हसू फुटलं. हसल्यावर मग डोकं चालायला लागलं. चार इंच हवेत. मागच्या मधल्या शिवणीला आणि दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं माया आहेच! बुधवारी दुकान बंद ठेवून त्यांनी तिन्ही शिवणी उसवल्या आणि बाहेर सरकवल्या. जुन्या सुईच्या भोकांची रेघ राहिली, ती वरून निळ्या दोऱ्याच्या नक्षीनं झाकली. पाहणाऱ्याला वाटावं, फॅशनच आहे.

मुलाखत नेमकी कापायच्या खोलीत होती. बारा फुटी टेबलाच्या पलीकडे प्राचार्या आणि दोन गृहस्थ.

"प्रमाणपत्र?" एका गृहस्थांनी विचारलं.

"नाही."

"मग आम्ही ठरवायचं कशावरून?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" म्हणत बाईंनी जाकीट उतरवलं, उलटं केलं आणि टेबलावर पसरलं. बाहेरून नक्षी दिसत होती, आतून सगळंच उघडं पडलं.

प्राचार्यांनी बोट ठेवलं. "ही शिवण सरकलीय."

"सरकली नाही, सरकवलीय. माप चुकलं होतं."

"कुणाचं?"

"माझंच. मी घेतलंच नव्हतं. काल दुरुस्त केलं."

प्राचार्या हसल्या. "अहो, आम्हाला कळलंसुद्धा नसतं. मग दाखवलंत कशाला?"

"पोरी चुकणारच, बाई. मी त्यांना चूक झाकायला शिकवू, की उसवायला?" बाईंचे हात टेबलावर सपाट टेकलेले होते.

जाकीट परत घालायला प्राचार्या स्वतः उठल्या, दोन्ही बाह्या धरून उभ्या राहिल्या. बाहेर बाकावर सून नखं कुरतडत बसली होती. बाई तिला एवढंच म्हणाल्या, "सोमवारी लवकर डबा करायला लागेल, दोघींचा." सुनेनं भर रस्त्यात सासूला मिठी मारली.

रविवारी लग्नात ते जाकीट मिरवलं आणि सोमवारी वर्गात गेलं. वीस मुली समोर. बाईंनी पहिल्याच धड्याला सांगितलं, "वही मिटा. हात खाली सोडा आणि शेजारणीला तुमचं माप घेऊ द्या." मग त्यांनी कापडाचा तागा उचलला आणि एकही घडी न घालता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सबंध टेबलभर सोडला. पलीकडचं टोक गाठलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मुलींना म्हणाल्या, डोळ्यात खडू गेला. खडूचा खोका अजून उघडायचा होता.