आप्पांना वर ठेवण्याचा बेत

आमचे भाऊजी एका छापखान्यातले लिनक्सवर चालणारे मोठे संगणक, म्हणजे सर्व्हर, सांभाळतात. त्यांचं डोकं तिथेच राहतं, घरी नुसतं धड येतं. मशीनची मेमरी भरली की जिला बराच वेळ कोणी हात लावलेला नाही ती माहिती डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत सरकवतात, त्या जागेला स्वॅप म्हणतात. फेकलं काहीच जात नाही, लागलं की परत आणतात. एवढं मला पाठ आहे, कारण ताईकडे जेवायला गेले की भाऊजी भाताआधी तेच वाढतात.

ताईचं घर दोन खोल्यांचं. आमचे वडील, आप्पा, तिच्याकडे राहायला आले आणि भाऊजींनी जाहीर केलं, घराची मेमरी भरली. पोटमाळा हा स्वॅप ठरला. किती उत्साहाने सरकवायचं याचा आकडा मशीनला ठरवून देता येतो म्हणे. घरासाठी भाऊजींनी तो सगळ्यात वरचा धरला. इस्त्री गेली, छत्र्या गेल्या, शिलाई मशीन गेलं. किसणी हवी असली की ताई शिडी लावायची. शेवटी बिचारी येता-जाता प्रत्येक भांड्याला हात लावू लागली, वापरात आहे असं दिसावं म्हणून. मला हसू यायचं आणि भाऊजींना झोडपावंसंही वाटायचं.

एका रविवारी मी गेले तेव्हा पाळी आप्पांची आली होती. आप्पा मुळात अबोल, दिवसभर खुर्चीत गप्प बसणारे. भाऊजींनी त्यांची गादी खांद्यावर टाकली आणि आमची समजूत घातली, "काढून टाकत नाही हो. नुसतं वर ठेवतोय." आप्पा निमूटपणे उठून आपला चष्मा शोधू लागले. ते बघून मला रडूच आलं.

ताई शिडीपाशी जाऊन उभी राहिली. आवाज न चढवता तिने विचारलं, "तुमची गरज या घरात कोणाला शेवटची कधी पडली?"

भाऊजींनी बराच वेळ आठवून पाहिलं. माणूस विक्षिप्त, पण नियमाला पक्का. गादी घेऊन ते स्वतःच वर चढले.

दुपार गेली, चहा झाला, दिवे लागले. घर छान चाललं होतं. वरून हूं नाही की चूं नाही. मलाच वाईट वाटायला लागलं, पण ताई हटेना.

अखेर आप्पा उठले आणि शिडीला धरून म्हणाले, "जावईबापू, खाली या. मला करमत नाही."

भाऊजी डोळे पुसतच उतरले आणि आप्पांच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसले.